न्हाणीघरातला ऊस

त्या हिवाळ्यात आमच्या न्हाणीघरात उसाची रोपं वाढत होती, म्हणून आम्ही चौघंही अंगणात, जुन्या लुगड्याच्या आडोशाला, कुडकुडत अंघोळ करत होतो. वेळापूरच्या बाहेर, कालव्याच्या अलीकडे, उसाच्या नव्या वाणांची चाचणी घेण्याचं एक छोटं सरकारी रान होतं आणि त्याच्या कडेला आमचं क्वार्टर. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं न्हाणीघर. माझे वडील, अप्पा, त्या रानाचे प्रमुख. प्रमुख म्हणजे साहेब तेच, कारकूनही तेच, आणि पाटाला पाणी आलं की खोरं घेऊन दारं धरणारेही तेच. रोपांसाठी काचेचं घर मंजूर झालं होतं. त्याचे खांब उभे राहिले होते, त्यावर कावळे बसायलाही लागले होते. काच मात्र यायची होती. आम्ही तिथून हललो तेव्हाही ती यायचीच होती.

आम्ही मूळचे सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतले. माझी आई, म्हणजे आमची अव्वा, अक्कलकोटकडची. तिचं निम्मं बोलणं कानडीत चालायचं, आणि रागावली की पूर्ण. पेठेत पहाटेपासून मागांचा खडखडाट, कल्हईवाल्याची हाक, शेजारच्या काशीकाकूंचं मोठ्यानं स्तोत्र म्हणणं, अशा आवाजात मी वाढले होते. वेळापुरात आल्यावर पहिले दोन महिने मला झोपच लागेना, कारण आवाजच नव्हता. लांबून एखाद्या विहिरीवरचं इंजिन फट्फट् करायचं, वाऱ्यानं उसाची पानं एकमेकांवर घासायची, आणि बस्स. मैत्रिणी तुटल्या, शाळा बदलली, आणि हे सगळं ऊस नावाच्या गवतासाठी. मी अप्पांशी तुटकच बोलायची. धाकटा बसू मात्र पहिल्याच दिवशी चिखलात उतरला तो बाहेर आलाच नाही.

मग एक दिवस रेल्वेच्या पार्सलनं कापडी पिशव्या आल्या. दक्षिणेतल्या एका केंद्रातून, जिथं उसाला तुरा येतो आणि त्यात बीही धरतं. आमच्याकडं तुरा यायचा, पण थंडीमुळं तो बहुतेक पोकळच. अप्पांनी पडवीत दार लावून, पंखा बंद करून एक पिशवी सोडली. आत रुईच्या म्हातारीसारखा हलका भुरा कापूस, त्यातच बी. बसूला शिंक आली आणि अर्धी मूठ कापूस छपराकडं निघाला. अप्पा इतक्या जोरात ओरडलेले मी कधी ऐकले नव्हते. आम्ही तिघं हात वर करून, श्वास धरून, तो कापूस एकेक करून पकडत होतो आणि अव्वा दारात उभी राहून पदरात तोंड घालून हसत होती.

ऊस बियांपासूनही येतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. सगळे शेतकरी उसाच्या टिपऱ्या लावतात. दोन डोळ्यांचा तुकडा सरीत दाबला की त्यातून पुन्हा तोच ऊस येतो, अगदी तसाच. त्या रात्रीच्या जेवणात अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडून मला समजावलं होतं. "टिपरी म्हणजे हा तुकडा. भाकरीचा तुकडा भाकरीच. पण बी म्हणजे लेकरू. दोन वेगळ्या उसांचं लग्न लावायचं. एक वजनाला भारी, एक रोगाला न जुमानणारा. त्यांना हजार लेकरं झाली तर हजार तऱ्हेची. त्यातलं एखादंच दोघांचं चांगलं घेऊन येतं."

"आणि बाकीची?" मी विचारलं.

"बाकीची वाईट घेऊन येतात," अव्वा म्हणाली आणि बसूच्या ताटात भाजी वाढली.

त्या बियांना ऊब लागत होती, ओल लागत होती, आणि बाहेर तर सकाळी पाटाच्या कडेचं गवत दवानं गारठून जायचं. घरात ऊब आणि ओल एकत्र असलेली जागा एकच, तांब्याच्या बंबाजवळची. तिच्यावर सत्ता अव्वाची. अप्पा तीन दिवस तिच्याभोवती घुटमळले. तिची ज्वारी दळून आणली, न सांगता चुलीला लाकडं फोडून दिली. शेवटी म्हणाले, "थोडे दिवस न्हाणीघर दिलं असतंस तर बरं झालं असतं. त्या बियांना उबेची गरज आहे."

"आणि आम्हाला?"

"आपण मोठी माणसं आहोत."

 दुसऱ्या दिवशी अव्वानं अंगणात दोन बांबू रोवून लुगडं बांधलं. लाकडी खोकी आत गेली. तळाला विटांचे तुकडे, वर चाळलेली माती आणि कुजलेलं शेणखत, त्यावर तो कापूस पसरून हलक्या हातानं दाबलेला. पाणी घालायला झारी होती, पण तिच्या धारेनं बी वाहून जायचं. अव्वानं तुपाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला बारीक खिळ्यानं भोकं पाडली आणि तिचं ती शिंपडू लागली. अप्पांनी शिंपडून बघितलं, तर म्हणाली, "साकु, साकु! बुडवताय काय त्यांना?" साकु म्हणजे पुरे. त्यानंतर अप्पा दारातूनच चौकशी करायचे.

आणि एका सकाळी मी बंब पेटवायला आत गेले, तर मातीवर हिरवं काहीतरी. पापणीच्या केसाएवढं. वाकून बघितलं तर तसले शेकडो. मी चुलीतली जळती काटकी हातात धरून तशीच बसून राहिले. या प्रत्येकात वेगळा ऊस आहे, जगात याआधी कधीही नसलेला, हे मला त्या क्षणी खरं वाटलं. आधी ते भाकरीच्या तुकड्यातलं बोलणं होतं. आज मी आयुष्यभर तेच काम करून निवृत्त झाले आहे, किती खोकी उगवताना पाहिली त्याचा हिशेब नाही, तरी बी उगवलं की अजून मला आधी कुणाला तरी हाक मारावीशी वाटते. त्या दिवशी मी अप्पांना हाक मारली. वेळापुरात आल्यापासून स्वतःहून मारलेली ती पहिलीच.

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. आमच्या शेजारचं रान नामदेव पैलवानांचं. तरुणपणी कुस्त्या मारलेला उंच, रुंद माणूस, कान मोडलेले, आवाज मात्र बारीक. ते खास बघायला आले. न्हाणीघराच्या दारात वाकून बराच वेळ बघत राहिले.

"न्हाणीत ऊस," ते म्हणाले. "सायेब, लई बघितलं, पन ह्ये नवीनच हाय की."

"ही लहान पोरं आहेत पैलवान. यातून काणी न लागणारा एखादा निघाला तर बघू."

पैलवानांचं हसू जरा थांबलं. आदल्या साली त्यांच्या खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला, काणी लागली होती. काणी म्हणजे उसाच्या शेंड्यातून चाबकासारखा काळा, वाकडा दांडा फुटतो, त्यावर काजळीसारखी भुकटी, आणि वारा आला की ती भुकटी रानभर. त्यांनी बेटंच्या बेटं उपटून जाळली होती. "निघाला तर पयला मला सांगा," ते म्हणाले. "आन जाड निघू द्या. खायाला बरा. आमच्यात बारक्या उसाला कोन इचारत न्हाय."

पावसाळ्यात ती रोपं रानात गेली आणि आम्हाला न्हाणीघर परत मिळालं. पण मला आता रानाची सवय झाली होती. शाळेतून आले की दप्तर टाकून मी सरळ बेटांतून हिंडायची. उसाच्या पानांना धार असते, देठाला बारीक कूस असते, हातावर रोज नवे ओरखडे. अव्वा त्यावर खोबरेल चोळत कानडीत पुटपुटायची. पण तिचाही पाय तिकडं वळायचा. बेटांना अप्पांनी नंबर दिले होते. अव्वाला नंबर लक्षात राहत नसत, म्हणून तिनं नातेवाइकांची नावं दिली. जो ऊस फुगून आडवा पडला त्याला गंगूआत्या. ज्याची पानं सारखी सळसळायची तो तिचा धाकटा भाऊ. आणि एकशे नऊ नंबरचा एक होता, बारीक, ताठ, फिकट पिवळसर, त्याला तिनं काशीकाकू म्हटलं. पेठेतल्या काशीकाकू काडीसारख्या होत्या आणि आयुष्यात कधी शिंकल्याही नव्हत्या. अप्पा आधी रागावले. मग एकदा मीच त्यांना तोंडातल्या तोंडात म्हणताना ऐकलं, "गंगूआत्याला आज पाणी जास्त झालं."

वर्ष सरलं. अप्पांनी बरीचशी बेटं काढून टाकली आणि उरलेल्यांच्या टिपऱ्या केल्या. प्रत्येकाच्या टिपऱ्या दोन ठिकाणी लावायच्या. एक मोठ्या रानात, वजन आणि गोडी बघायला. दुसरी ओढ्यापलीकडं, माळावरच्या लांबच्या वाफ्यात. त्या दुसऱ्या टिपऱ्या लावण्याआधी त्यांनी काणीची काळी भुकटी पाण्यात कालवली आणि मला म्हणाले, "यात बुडव."

अव्वा पाण्याची घागर घेऊन तिथून चालली होती. ती थांबली. "हे काय?"

"रोग लावतोय त्यांना."

"एनु?" काय म्हणालात, असं तिनं विचारलं, पण ऐकलं होतं चांगलंच. घागर खाली ठेवली. "मी न्हाणीत वाढवली त्यांना. बारीक भोकातून पाणी पाजलं. आणि तुम्ही त्यांना रोग लावणार?"

"मी नाही लावला तर उद्या पैलवानाच्या रानात लागेल. मग तो काय करेल? इथं मेला तर एक बेट मेलं. तिथं मेला तर घर उपाशी." अप्पा सहसा इतकं बोलत नसत. "जो यातून उठेल तोच द्यायचा शेतकऱ्याला."

अव्वानं घागर उचलली आणि गेली. दोन दिवस अप्पांच्या ताटात शेंगांची चटणी आली नाही, आणि सोलापूरच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतः माळावर आली, वाफ्याकडं कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि त्याला तिनं नाव दिलं, दवाखाना.

दवाखान्याचं काम माझ्याकडं आलं. उन्हाळ्यात चाबूक दिसायला लागले. भुकटी उडून शेजारी जाऊ नये म्हणून शेंडा काळा होण्याआधीच ओळखावा लागे. शेंड्याची पानं आधी बारीक आणि ताठ होतात, गवतासारखी. तसं दिसलं की त्यावर जुनी पिशवी घालायची, बांधायची, कोयत्यानं खालून तोडायचं आणि जाळायचं. गंगूआत्या पहिल्याच झटक्यात गेली. अव्वाचा भाऊ गेला. संध्याकाळी अव्वा विचारायची, "आज कोण?" आणि मी नाव सांगितलं की जिभेनं चुकचुकायची, मग हसायची, कारण खरा भाऊ त्याच आठवड्यात येऊन सात भाकऱ्या खाऊन गेलेला असे. एकशे नऊच्या दोन्ही बाजूंची बेटं काळी पडली. त्याला स्वतःला काही झालं नाही. पावसाळा आला, गेला, तरी झालं नाही.

त्यानंतर, थंडी सुरू होता होता, अप्पांना कावीळ झाली. डोळे पिवळे, नखं पिवळी, ताकद गेली. तालुक्याच्या डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली आणि अव्वानं तेल, तिखट सगळं बंद केलं. कावीळ म्हटलं की उसाचा रस, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. मग काय, ज्याला त्याला अप्पांची कीव. पैलवान रोज घरचा रस तांब्यात घेऊन यायचे. अप्पा पडल्या पडल्या घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "पैलवान, हा खोडव्याचा आहे. आणि पाणी काल सोडलंत." पैलवान बाहेर येऊन मला बारीक आवाजात सांगायचे, "मानूस आजारी न्हाय बाई, आपली परीक्षा घ्यायला निजलाय."

पण काम थांबणार कसं? उसाची गोडी तपासायचे तेच दिवस होते, आणि पुण्याहून मोठे साहेब पाहणीला येणार होते. ते सांगतील तेवढेच वाण पुढं जायचे. बाकीचे तोडून, शेंड्याच्या हिरव्या वाढ्यासकट, जनावरांना. अप्पांनी मला ब्रिक्समीटर दिला. हातात मावणारी पितळी नळी, टोकाला काच. उसाला टोचणी मारायची, रसाचा थेंब काचेवर घ्यायचा, आभाळाकडं धरून आत बघायचं. आत निळं आणि पांढरं, मधे एक रेघ. रेघ जितकी वर तितकी साखर जास्त. मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होते, परीक्षा तोंडावर होती, पण रोज शाळेआधी मी मोठ्या रानात जायची. अप्पांच्या सांगण्यावरून कोणतं बेट ठेवायचं म्हणून पांढरी चिंधी आणि कोणतं काढायचं म्हणून तांबडी, हे ठरायचं. एकशे नऊला तांबडी बांध, ते म्हणाले.

मी बांधली. पण दुसऱ्या दिवशी मी त्या उसाला खाली टोचलं, मधे टोचलं आणि सहज म्हणून शेंड्याजवळही टोचलं. कच्चा ऊस बुंध्याशी गोड आणि शेंड्याला पाणचट असतो. हा वरपर्यंत जवळजवळ सारखाच. शेजारच्या कुठल्याच बेटाचं तसं नव्हतं. मी पुन्हा चार दिवसांनी केलं. तेच.

अप्पा पडवीत उन्हाला बाजेवर होते. मी अख्खा ऊस तोडून त्यांच्यापुढं टाकला.

"काशीकाकूला काढू नका."

त्यांनी ऊस उचलला, तळहातावर तोलला. "बारीक आहे गिरिजा. एकरी वजन कुठून येणार? शेतकरी याला काडी म्हणेल."

"आत्ताच भरलाय, शेंड्यापर्यंत. आणि दवाखान्यात त्याला काही झालं नाही."

"एवढ्यानं वाण होत नाही. कीव करून तर मुळीच नाही."

"कीव नाही. मी मोजलंय."

"मीही मोजलंय. वजन."

 मला रडू येत होतं आणि ते दिसू द्यायचं नव्हतं. आत अव्वाचं भाकरी थापणं थांबलं होतं. अप्पांनी ऊस हातात फिरवला. मग म्हणाले, "मी माझं मत बदलत नाही. पण साहेब येतील तेव्हा मी रानात येऊ शकणार नाही. तू असशील. तुला ती तांबडी चिंधी सोडायची असेल तर त्यांच्यासमोर, माझं मत काय आहे तेही सांगून, सोड. माझ्यामागं गुपचूप नको."

साहेब यायचे ठरले ते नेमके वेळ अमावस्येला. आमच्या आजोळी हा रानाचा मोठा सण. वेळापुरात तो कुणाला माहीत नव्हता, पण अव्वा कुठंही गेली तरी तो करणारच. उसाच्या बांधावर तिनं कडब्याची कोप, छोटं खोपटं, उभारली, आत पांडव म्हणून चुन्याची पाच बोटं ओढलेले दगड मांडले. चार दिवस घरात आंबिलीचा आंबूस वास भरून राहिला होता. बाजरीचे उंडे, सगळ्या पालेभाज्यांची आणि हिरव्या दाण्यांची भज्जी, गव्हाची गोड खीर म्हणजे हुग्गी, शेंगांची पोळी. रानात येईल त्याला जेवायला घालायचं असतं, म्हणून पैलवान आणि आणखी चारपाच शेतकरी आपापल्या बायकांसह बांधावर बसले होते. तेवढ्यात जीप आली.

साहेब ठेंगणे, टकलू, गळ्याला मफलर गुंडाळलेले. मला बघून म्हणाले, "बाळ, पाणी आण बघू. आणि वडिलांच्या जागी कोण दाखवणार आहे?"

"मीच," मी म्हणाले. माझा आवाज पैलवानांपेक्षाही बारीक निघाला.

साहेबांनी बरोबरच्या माणसाकडं पाहिलं, मग खांदे उडवून चालायला लागले. पांढऱ्या चिंध्यांची बेटं दाखवली. ते नुसतं हूं हूं करत होते. एकशे नऊपाशी मी थांबले.

"हा काढायचा आहे ना?" चिंधीकडं बघून ते म्हणाले.

"वडील म्हणतात काढा. वजनाला कमी आहे. पण मला वाटतं ठेवावा."

"का?"

मी उसाला टोचणी मारली, थेंब घेतला आणि ब्रिक्समीटर त्यांच्या हातात दिला. खालचा. मग मधला. मग शेंड्याचा. तिसऱ्या वेळी त्यांनी नळी डोळ्यापासून काढली, काच मफलरनं पुसली आणि पुन्हा थेंब मागितला.

"अरे," ते म्हणाले, "हा वरपर्यंत भरलाय की."

मागून पैलवान आले होते. त्यांनी एक कांडं मोडून दातानं सोललं. "ग्वाड हाय," ते चावत म्हणाले. "लई ग्वाड. पन सायेब, दात गावात ठिवून यावं लागंल." सगळे हसले. 

साहेब मात्र हसले नाहीत. "वजन कमी हे तू कबूल करतेस. पैलवान म्हणतात चावायला कठीण. शेतकरी घेणार नाही. मग ठेवायचा कशाला?"

 मी समोर बघितलं. बांधावर अव्वा आंबिलीचं मडकं घेऊन उभी होती, बसू तिच्या पदराला धरून हुग्गीची वाट बघत होता. आणि उत्तर आपोआप बाहेर आलं.

"ऊस म्हणून नको असेल तर आई म्हणून ठेवा. दवाखान्यात, म्हणजे रोगाच्या वाफ्यात, याच्या दोन्हीकडची बेटं गेली, याला काणी लागली नाही. लवकर भरतो. याचं लग्न एखाद्या जाड, वजनदार उसाशी लावा. याला स्वतःला वजन नाही, पण लेकरांना मिळेल की."

साहेबांनी माझ्याकडं नीट पाहिलं, बहुधा जीपमधून उतरल्यापासून पहिल्यांदाच. मग म्हणाले, "चल, तो वाफा दाखव." ओढा ओलांडून आम्ही दवाखान्यात गेलो. त्यांनी गुडघ्यावर बसून एकशे नऊचा प्रत्येक फुटवा शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पाहिला. पँटला चिखल लागला. उठून म्हणाले, "सोड ती चिंधी."

जेवताना साहेबांनी हुग्गी तीनदा घेतली. हात धुताना मला विचारलं, "मॅट्रिकनंतर काय?"

मी तोंड उघडायच्या आत अव्वा म्हणाली, "तुमच्या शेतकी कॉलेजात मुली घेतात का?"

"घेतात. पण येत नाहीत कुणी. असल्या तर एकदोन."

"मग ही तिसरी," अव्वा म्हणाली आणि त्यांच्या ओंजळीवर पाणी ओतलं.

मला खरंच माहीत नव्हतं की तिच्या मनात असं काही आहे. तिला लिहिता वाचता येत होतं ते तेवढंच, बसच्या पाटीपुरतं. आम्ही त्यावर कधी बोललोही नव्हतो. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, रोज पहाटे ओरखडे घेऊन येतेस आणि तक्रार करत नाहीस, मला डोळे नाहीत काय.

एकशे नऊचं पुढं काय झालं तेही सांगते. शेतकऱ्यांच्या रानात तो कधीच आला नाही. पुढल्या दोन चाचण्यांत वजनात मागं पडला, अप्पांचं बरोबर होतं. पण त्याच्या टिपऱ्या दक्षिणेत गेल्या, तिथं त्याला तुरा आला, त्याची लेकरं झाली, आणि त्या लेकरांत पुढं मी निवडलेलीही काही होती. त्यातलं एक मी पैलवानांच्या रानात लावून दिलं. ते तेव्हा म्हातारे झाले होते, दात राहिले नव्हते. त्यांनी उसाला हात लावून बघितला आणि म्हणाले, "जाड झाला की गं." म्हणजे माझंही बरोबर होतं. वाण काढण्याच्या कामात असं पुष्कळदा होतं, भांडणारे दोघंही खरे असतात, फक्त एकाचं खरं आज दिसतं आणि दुसऱ्याचं बारापंधरा वर्षांनी.

पण त्या वेळ अमावस्येच्या संध्याकाळी हे काहीच माहीत नव्हतं. साहेब गेले, पाहुणे पांगले, आणि मी भीत भीत पडवीत आले. अप्पा बाजेवर उठून बसले होते. बसूनं धावत जाऊन त्यांना सगळं आधीच सांगून टाकलं होतं, वर दोनचार गोष्टी पदरच्याही घातल्या होत्या.

"माझं मत सांगितलंस?"

"सांगितलं. आधी तेच सांगितलं."

"आई म्हणून ठेवा, असं म्हणालीस?"

"हो."

अप्पांनी मान हलवली.  मग आतल्या दिशेनं मोठ्यानं म्हणाले, "मला आज हुग्गी मिळणार आहे का नाही?"

"एक चमचा," आतून अव्वा म्हणाली. डॉक्टरांनी दिलेली पथ्याची मुदत संपत आली होती. तिनं वाटीत आणलं ते एका चमच्यापेक्षा बरंच जास्त होतं, वर तूपही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रानात निघाले तर अप्पा शाल गुंडाळून पायरीवर उभे. अजून पाय लटपटत होते. मी ब्रिक्समीटर त्यांच्यापुढं धरला, कारण तो त्यांचाच होता. त्यांनी घेतला नाही.

"तू बघ आणि मोठ्यानं आकडा सांग," ते म्हणाले. "मी लिहून घेतो."

पहिल्या बेटापाशी मी टोचणी मारली, नळी आभाळाकडं धरली आणि आकडा सांगितला. अप्पांनी खिशातली पेन्सिल काढली, जिभेला लावून ओली केली आणि काही न विचारता तो लिहून घेतला.